कल्पनेचें बिऱ्हाड

मनुष्याची नीति त्याच्या व्यवहारापेक्षां त्याच्या खेळांत अधिक स्पष्ट दिसते, असें आम्हांस पुष्कळदां वाटतें. व्यवहारांत पोट, अब्रू, कायदा आणि शेजारी या चोहोंचा दाब असतो. त्यामुळें एखादा मनुष्य सरळ वागला, तर तो मनानेंच सरळ आहे म्हणून तसा वागला कीं दुसरा मार्ग नव्हता म्हणून वागला, हें ठरविणें कठीण जातें. खेळांत हा दाब जवळजवळ नसतो. तेथें नियम पाळणारा तो पाळावयाचा म्हणूनच पाळतो. यासाठीं एखाद्या नैतिक प्रश्नाचें मूळ शोधावयाचें असेल, तर तो प्रश्न खेळांत कसा उभा राहतो हें पाहणें उपयोगाचें होतें. विकत घेणें म्हणजे नेमकें काय, आणि दुसऱ्यानें काढलेल्या चित्रास आपल्या मनांत किती जागा द्यावी, हे दोन प्रश्न आज सुशिक्षित कुटुंबांत रोज उत्पन्न होत आहेत. कारण आपलीं पुस्तकें, गाणीं आणि चित्रें कपाटांतून निघून पडद्यावर जाऊन बसलीं आहेत. हे प्रश्न एका खेळाच्या आधारें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. खेळ परदेशी आहे खरा. परंतु आपल्या घरांतील तरुणांसही तो अपरिचित राहिलेला नाहीं, आणि एक मित्र पुण्यास व दुसरा अमेरिकेंत असला तरी दोघांस तो एकाच वेळीं खेळतां येतो.

हा खेळ म्हणजे निरनिराळ्या भूमिका घेऊन खेळावयाचा कथेचा खेळ. त्याचें पहिलें विक्रीस आलेलें रूप 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं सिद्ध केलें, आणि अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांतल्या लेक जिनीव्हा या गांवाहून तें प्रसिद्ध झालें. एका पेटींत तीन लहान पुस्तिका, आणि पहिल्या खेपेस एक हजार प्रती, एवढाच त्याचा आरंभ. पांचसात मंडळी मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. बाकीचे भिडू एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, कीं पुढें भुयार आहे, आंत काळोख आहे, कोठून तरी पाण्याचा आवाज येत आहे. आणि आपलें पात्र आतां काय करील तें प्रत्येक भिडू सांगतो. ज्या कृतीचें फळ अनिश्चित असेल तेथें फांसा टाकावयाचा. त्या फांशास बहुधा वीस पैलू असतात. सोंगट्यांच्या खेळांत फांसा सोंगटीस घरें मोजून देतो, येथें तो कथेस वळण देतो. शेवटीं कोणी जिंकत नाहीं व कोणी हरतही नाहीं. एकच कथा आठवड्यामागून आठवडे, कधीं कधीं वर्षानुवर्षें चालते. आणि ती या पांचसात जणांखेरीज जगांत दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

पुढें या मेजाची जागा पडद्यानें घेतली. 'फँटसी ग्राउंड्स' २००४ सालीं, 'रोल ट्वेन्टी' २०१२ सालीं आणि 'फाउंड्री' २०२० सालीं, असे निरनिराळे पडद्यावरचे पट निघाले. आणि २०२० च्या महामारींत माणसें घरोघर कोंडलीं गेलीं तेव्हां पुष्कळ मंडळ्यांस त्यांचाच आधार झाला. या पटावर सूत्रधार नकाशा पसरतो, भिडूंच्या सोंगट्या चित्ररूपानें त्यावर सरकतात, आणि जेथें काळोख आहे तेथें पट खरोखरच काळा राहून सोंगटी पुढें जाईल तसतसा उजळत जातो. पटाशेजारींच दुकान असतें. तयार साहसकथा, रंगीत नकाशे, राक्षसांचीं व वीरांचीं चित्रें, नियमांचे ग्रंथ, हें सर्व तेथें रीतसर परवान्यानें मिळतें. पूर्वीं सूत्रधारास जी तयारी करावयास चार संध्याकाळ लागत, ती पैसे भरल्याबरोबर क्षणांत पटावर मांडलेली दिसते. ही सोय मोठी आहे, आणि तिच्यामुळें हा खेळ असंख्य नवख्यांस सुलभ झाला, हें प्रारंभींच कबूल केलें पाहिजे.

परंतु या दुकानांत पैसे देऊन आपण काय घेतों? कागदाचें पुस्तक विकत घेतलें असतां तें आपलें होतें, म्हणजे तें आपण वाचूं शकतों, शेजाऱ्यास देऊं शकतों, जुन्या बाजारांत विकूं शकतों, आणि मुलांसाठीं मागें ठेवूं शकतों. या साध्या गोष्टीसही एकदां न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. अमेरिकेंतील एका प्रकाशकानें आपल्या कादंबरींत अशी सूचना छापली, कीं हें पुस्तक एक डॉलरहून कमी किंमतीस विकल्यास तो ग्रंथस्वामित्वाचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानानें तें ८९ सेंटांस विकलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९०८ सालीं निकाल झाला, कीं एकदां प्रत विकल्यावर पुढील खरेदीविक्रीवर प्रकाशकाची हुकमत चालत नाहीं. आपल्या १९५७ च्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांतही एकदां चलनांत आलेल्या प्रती वेगळ्या मानिल्या आहेत. पडद्यावरच्या दुकानांत मात्र या निकालाचा उपयोग होत नाहीं. कारण तेथें विक्री होतच नाहीं. तेथें मिळतो तो वापरण्याचा परवाना. एका पटावर घेतलेला ग्रंथ बहुधा दुसऱ्या पटावर चालत नाहीं. तो मित्रास देऊन टाकतां येत नाहीं. आणि पट बंद पडला तर त्याचें काय होईल, हें दुकानदाराच्या अटींवर अवलंबून राहतें.

ही भीति केवळ काल्पनिक नाहीं. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉन कंपनीनें आपल्या 'किंडल' वाचनयंत्रांवरून जॉर्ज ऑरवेल याचीं पुस्तकें गिऱ्हाइकांस न विचारतां पुसून टाकिलीं. ज्यानें तीं विक्रीस ठेविलीं होतीं त्यास तसा हक्क नव्हता. म्हणून गिऱ्हाइकांचे पैसेही परत करण्यांत आले. तरीसुद्धां एका शाळकरी मुलानें फिर्याद केली. त्याचें गाऱ्हाणें असें होतें, कीं अभ्यासासाठीं त्यानें पुस्तकावर टिपणें केलीं होतीं. पुस्तकच गेल्यानें तीं टिपणें निरर्थक झालीं. पुस्तकाची किंमत परत देतां आली, परंतु टिपणांची किंमत कोण परत देणार? आमच्या खेळांत हाच प्रकार ऑगस्ट २०२४ मध्यें होऊं घातला होता. 'डी अँड डी बियाँड' या ठिकाणीं हजारों भिडूंच्या पात्रांचीं पत्रकें ठेवलेलीं असतात. नियमांची नवी आवृत्ति निघतांच त्या पत्रकांवरील जुने मंत्र व जादूच्या वस्तु काढून त्यांजागीं नव्या घालण्यांत येतील, आणि ज्यास जुन्या हव्या असतील त्यानें त्या स्वतः हातानें भराव्या, असें जाहीर झालें. भिडूंनीं एकच ओरड केली, आणि थोड्याच दिवसांत तो बेत मागें घेण्यांत आला. परंतु बेत मागें घेतां आला याचा अर्थ तो अमलांतही आणतां आला असता. चालू कथेच्या मध्येंच, कथा रचणारांस न विचारतां, त्यांच्या वीराच्या भात्यांतले बाण बदलण्याची शक्ति तिसऱ्याच कोणाच्या हातीं होती.

या घोटाळ्याचें मूळ जर्मन तत्त्ववेत्ता कांट याच्या एका निबंधावरून चांगलें उलगडतें. १७८५ सालीं पुस्तकांच्या चोरट्या पुनर्मुद्रणाविरुद्ध लिहितांना त्यानें असें प्रतिपादिलें, कीं पुस्तक ही एकच वस्तु दिसली तरी तींत दोन गोष्टी असतात. एक, कारागिरानें बनविलेली जड वस्तु; ती घेणाराच्या मालकीची होते. दुसरी, ग्रंथकारानें लोकांस उद्देशून केलेलें भाषण. तें ग्रंथकाराचेंच राहतें, आणि त्याच्या नांवानें तें पुन्हा करण्याचा अधिकार प्रत घेणारास मिळत नाहीं. ही वांटणी न्याय्य होती, आणि तिच्या जोरावर लेखक व वाचक दोघेही दीर्घकाळ सुखानें नांदले, कारण प्रत्येकाच्या हातीं कांहीं तरी राहत होतें. पडद्यानें यांतला जड भागच नाहींसा केला. भाषण ज्याचें त्याचें राहिलें. आणि वाचकाच्या वांट्याचा कागद गेल्यामुळें त्याच्या हातीं केवळ ऐकण्याची परवानगी उरली. हें कोणाच्या दुष्टपणामुळें झालें असें नाहीं. वस्तूचें स्वरूप बदललें, आणि जुनी वांटणी तिला लागू पडेनाशी झाली. नवी वांटणी मात्र एकाच पक्षानें लिहून काढली.

येथें आपल्या विज्ञानेश्वराची आठवण होते. स्वत्व, म्हणजे मालकी, ही केवळ शास्त्रावरून कळते कीं लोकव्यवहारावरून, असा प्रश्न 'मिताक्षरें'त त्यानें घेतला आहे. आणि स्वत्व हें लौकिक आहे असा निर्णय दिला आहे. ज्यांस शास्त्राची वार्ताही नाहीं अशा सीमेवरील लोकांतही खरेदीविक्री चालते, हें त्याचें एक प्रमाण. आजच्या दुकानाच्या अटी हें एक नवें शास्त्रच होय. तें लांबलचक असतें, आणि तें वाचल्याची खूण सर्वजण करतात, परंतु वाचीत बहुधा कोणीच नाहीं. उलट चित्राखालीं 'विकत घ्या' अशीं अक्षरें असतात, किंमत खरेदीची असते, आणि गिऱ्हाईकही मित्रांस सांगतांना "मीं हें विकत घेतलें" असेंच सांगतें. लोकव्यवहारानें जी खरेदी आहे ती अटींच्या शास्त्रानें भाडें ठरावी, यांत विक्रेत्यास खरेदीच्या शब्दाचा लाभ मिळतो आणि विक्रीची जबाबदारी मात्र टळते. कॅलिफोर्निया राज्यानें सप्टेंबर २०२४ मध्यें मंजूर केलेला व १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आलेला कायदा या ठिकाणींच बोट ठेवतो. परवाना देण्यास तो मनाई करीत नाहीं. परंतु गिऱ्हाइकास हा केवळ परवाना आहे असें स्पष्ट सांगितल्याशिवाय खरेदीवाचक शब्द वापरूं नये, आणि जी वस्तु कायमची उतरवून जवळ ठेवतां येते तिला हें बंधन नाहीं, असें तो सांगतो. आमच्या मतें हा कायदा लहान असला तरी त्याचें तत्त्व मोठें आहे. भाड्यानें देणें हें पाप नव्हे. भाड्यास विक्री म्हणणें हें असत्य होय.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकलें पाहिजे. कागदाचें पुस्तक मित्रास दिलें तर आपलें कपाट रिकामें होतें; पडद्यावरील चित्र दिलें तर तें दोघांपाशीं राहतें, आणि दोघांचे दहा होण्यास क्षणही लागत नाहीं. जुनें पुस्तक मळतें, फाटतें, त्याची किंमत उतरते. हें चित्र कधींच जुनें होत नाहीं. याच विचारास अनुसरून युरोपीय संघाच्या न्यायालयानें डिसेंबर २०१९ मध्यें असें ठरविलें, कीं वाचलेलीं विद्युत्पुस्तकें ग्रंथस्वाम्याच्या संमतीशिवाय दुसऱ्यास विकतां येणार नाहींत. शिवाय नकाशा काढणारा चित्रकार कांहीं हवेवर जगत नाहीं. एकेका चित्रास त्याचे दिवसचे दिवस लागतात, आणि तें स्वस्तांत मिळतें याचें कारण हजारोंजण थोडथोडे पैसे देतात. पट चालू ठेवण्यास यंत्रें लागतात, यंत्रें राखण्यास माणसें लागतात. आणि कागदानें न दिलेली एक उदारता या परवान्यांत कधीं कधीं असते: 'फाउंड्री'वर केवळ यजमानानें एकदां परवाना घेतला कीं बाकीच्यांस कांहीं द्यावें लागत नाहीं, आणि 'डी अँड डी बियाँड'वर वरच्या प्रतीची वर्गणी भरणारास आपले ग्रंथ आपल्या मंडळींतील सर्वांस खुले करतां येतात. तेव्हां परवाना हा प्रकारच अन्यायाचा आहे असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

तरुण मंडळींत एक युक्तिवाद फार प्रचलित आहे: घेणें ही मालकी नसेल, तर न विचारतां घेणें ही चोरीही नव्हे. वाक्य चटकदार आहे, पण तर्क लंगडा आहे. अटी लिहिल्या त्या कंपनीनें. चित्र काढलें तें चित्रकारानें. एकाच्या अन्यायाचा सूड दुसऱ्याच्या ताटावर उगविणें हा कोणत्या शास्त्राचा न्याय? घरमालकानें भाडेचिठ्ठींत लबाडी केली म्हणून सुताराची मजुरी बुडवावी, अशांतलाच हा प्रकार आहे. येथें एक तारतम्य मात्र ठेविलें पाहिजे. जगभर पसरलेल्या चित्रांतून एखादें निवडून आपल्या घरच्या पांच मित्रांस "त्या म्हाताऱ्या जादूगाराचा चेहरा साधारण असा" म्हणून दाखविणें, आणि तेंच चित्र आपल्या संग्रहांत घालून शेंकडोंस वांटणें किंवा त्यावर पैसा मिळविणें, या दोहोंस एकच नांव देतां येत नाहीं. पहिलें दिनदर्शिकेंतलें चित्र भिंतीवर लावण्यासारखें आहे. दुसऱ्यांत चित्रकाराच्या पोटाशीं संबंध येतो. तरीही पहिल्या प्रसंगींसुद्धां चित्रकाराचें नांव ठाऊक असेल तर तें सांगावें, आणि तीं चित्रें विकत मिळत असतील तर घ्यावीं, इतकी सभ्यता पाळण्यास कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

येथवर पैशाचा विचार झाला. दुसरा प्रश्न चित्राचा आहे. ज्या खेळाचा सर्व आनंद कल्पनेंत आहे, त्यांत इतकीं चित्रें घातलीं तर कल्पनेस काय काम उरलें? लेसिंग या जर्मन टीकाकारानें १७६६ सालीं चित्रकला व काव्य यांच्या मर्यादांविषयीं लिहितांना होमरचें एक उदाहरण दिलें आहे. हेलेनच्या सौंदर्याचें अवयवशः वर्णन होमर करीत नाहीं. तिला पाहून ट्रॉयच्या वृद्धांस युद्धाची एवढी हानिही क्षम्य वाटली, एवढेंच तो दाखवितो. प्रत्येक वाचक आपापल्या मनांत आपली हेलेन उभी करतो. चित्रकारास हें करतां येत नाहीं; त्यास एकच नाक, एकच भुंवई काढावी लागते. आपल्याकडे या गोष्टीचा अनुभव घरोघर आलेला आहे. राजा रविवर्म्यानें १८९४ मध्यें मुंबईंत छापखाना काढला, आणि त्यांतून छापलेलीं लक्ष्मीसरस्वतींचीं चित्रें सर्वत्र गेलीं. आज सरस्वती म्हटली कीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें जी मूर्ति उभी राहते ती मंत्रांतून आलेली नसते. ती त्या छापाच्या वळणावर गेलेली असते. चित्रानें देवता सामान्य माणसाच्या भिंतीवर आणली, हा लाभ. तिचा एकच चेहरा कायम केला, ही त्याची किंमत. मात्र ती तसबीर ज्यानें घेतली त्याचीच झाली. तिला हळदकुंकू लागलें, आणि कोणी दूरस्थ मालक येऊन तिचा चेहरा पालटील ही भीति त्या घरास नव्हती.

तरी चित्र हें कल्पनेचें वैरी आहे, असा सिद्धांत आम्ही काढीत नाहीं. सिंधुदुर्गांतील पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढें धरून रामायणमहाभारतांतील कथा गातात. तेथें चित्र स्थिर असतें. त्यांत प्राण येतो तो गाणाराच्या आवाजानें, आणि एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंतची वाट श्रोता स्वतः चालतो. पडद्यावरच्या पटासही हाच न्याय लागू आहे. शेंकडों कोसांवर बसलेल्या भिडूंस एकमेकांचे चेहरे व हातवारे धड दिसत नाहींत. भुयाराची रचना शब्दांनींच ध्यानांत ठेवणें कित्येकांस जड जातें. अशा वेळीं नकाशा हा कल्पनेचा टेकू होतो. परंतु सूत्रधार जेव्हां "तुम्हांस काय दिसतें?" असें विचारण्याचें सोडून केवळ चित्र दाखवून गप्प बसतो, किंवा भिडूनें दाखविलेली एखादी नवी वाट विकत घेतलेल्या नकाशांत नाहीं म्हणून बंद करतो, तेव्हां टेकूच घराचा मालक होऊन बसतो. पैसे देऊन आणलेल्या वस्तूचा पुरा उपयोग झाला पाहिजे, ही काटकसरी गृहस्थाची बुद्धि येथें घात करते. नकाशा वाया जाऊं नये म्हणून कथा वाया घालविली जाते.

या सीमारेषेविषयीं खुद्द विक्रेत्यांनींच एकदां मत दिलें, तें मोठें उद्बोधक आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची मालकी आज 'हॅस्ब्रो' कंपनीच्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या शाखेकडे आहे. २००० सालीं तिनेंच एक खुला परवाना देऊन आपल्या नियमांच्या आधारें इतरांस ग्रंथ रचण्याची मोकळीक दिली होती. तो परवाना बदलण्याचा घाट जानेवारी २०२३ मध्यें घातला गेला. त्याच वेळीं प्रसिद्ध केलेल्या एका मसुद्यांत असें म्हटलें होतें, कीं मेजावरच्या खेळाची नक्कल करणाऱ्या पटास हरकत नाहीं; परंतु मंत्राचा बाण पडद्यावर सळसळत जाऊन शत्रूवर आदळतांना हलत्या चित्रानें दाखविला, तर ती कल्पनेची जागा घेणारी वस्तु झाली, आणि तिला परवानगी नाहीं. विचार वरवर पाहतां आमच्याच मताचा दिसतो. परंतु कल्पनेचा हा कैवार घेणारी कंपनी त्याच सुमारास आपला स्वतःचा, अधिकच भपकेदार, त्रिमितीचा पट तयार करीत होती! पंधरा हजारांहून अधिक लोकांनीं मसुद्यांवर मत कळविलें. त्यांपैकीं शेंकडा ८६ जणांस पटाविषयींचा मसुदा नापसंत होता. २७ जानेवारीस कंपनीनें माघार घेतली, जुना परवाना कायम ठेविला, आणि नियमांचा मूळ सारांश सर्वांस खुला करून टाकिला. तो भपकेदार पट पुढें 'सिजिल' नांवानें २०२५ च्या आरंभीं निघाला, आणि मार्चमध्येंच तो रचणाऱ्यांपैकीं बहुतेकांस कामावरून कमी करण्यांत आलें. यावरून निघणारा बोध आम्हांस असा वाटतो: चित्र किती असावें हें ठरविण्याचा अधिकार विक्रेत्याचा नाहीं, आणि जुन्या मेजाच्या अभिमान्यांचाही नाहीं, ज्या पांच जणांची कथा आहे त्यांचाच तो आहे.

आतां दोन्ही प्रश्न एकत्र आणतां येतात. परवान्यानें घेतलेला पट हें भाड्याचें घर आहे, आणि त्यांत वर्षानुवर्षें वाढलेली कथा हा भाडेकऱ्याचा संसार आहे. भिंती मालकाच्या, संसार आपला. इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक म्हणतो त्याप्रमाणें मनुष्य ज्या वस्तूंत आपले श्रम मिसळतो तीवर त्याचा हक्क जडतो, हें खरें असेल, तर दोनशें संध्याकाळांचे श्रम ज्या कथेंत मिसळले तिच्यावर त्या मंडळींचा हक्क नाहीं असें कोण म्हणेल? आपल्या समाजानें हें तत्त्व घरांच्या बाबतींत एकदां मान्य केलें आहे. भाड्याच्या खोलींत संसार थाटलेल्या माणसास मालकानें मन मानेल तेव्हां बाहेर काढूं नये, म्हणून मुंबईंत १९४७ चा भाडे-नियंत्रणाचा कायदा झाला. १९९९ च्या कायद्यानें पुढें त्याची जागा घेतली. त्या कायद्याची दुसरी शिकवणही विसरतां येत नाहीं: भाडें गोठलें तेव्हां दुरुस्त्या थांबल्या, आणि कित्येक चाळी राहत्या माणसांसकट खचल्या. मालकास पुरा बांधून टाकिल्यानें भाडेकरी सुखी होतोच असें नाहीं.

म्हणून आम्ही विक्रेत्यांकडून मागतों तें थोडेंच आहे. भाडें असेल तर भाडें म्हणावें. राहता मनुष्य घरांत असतांना त्यास न विचारतां आंतली मांडणी बदलूं नये. आणि घर सोडावें लागलें तर त्याचें सामान, म्हणजे त्याचीं टिपणें, पात्रांचे इतिहास, त्यानें स्वतः काढलेले नकाशे, त्यास नेऊं द्यावें. भिडूंकडूनही मागणें आहे. चित्रकाराचा पैसा चुकवूं नये. घेण्यापूर्वीं आपण घेत आहों कीं भाड्यानें राहत आहों, हें एकदां विचारून पाहावें. आणि जेथें वस्तु आपल्यापाशीं कायमची ठेवतां येते अशा दुकानास, थोडे अधिक पैसे पडले तरी, पसंती द्यावी. शेवटचें मागणें सर्वांत साधें आहे: कथेची एक वही ठेवावी. प्रत्येक बैठकीनंतर काय घडलें, कोण काय म्हणाला, कोणत्या दाराशीं कथा थांबली, हें कोणी तरी साध्या कागदावर लिहून ठेवावें.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा खेळ कधीं पाहिलाही नसेल. परंतु त्यांचीं गाणीं, त्यांच्या मुलांचीं पुस्तकें, कुटुंबाचीं छायाचित्रें, आणि त्या छायाचित्रांखालीं लिहिलेलीं नांवें हीं आज कोणाच्या भिंतींवर टांगलेलीं आहेत, हें त्यांनीं एकदां मोजून पाहावें. आजोबांचें कपाट नातवास मिळालें, तसें नातवाचें कपाट त्याच्या नातवास मिळेल काय, हा प्रश्न खेळाचा नाहीं. ज्या मंडळीनें वही ठेविली आहे तिचा पट उद्यां बंद पडला, तर ती चार कागद व एक फांसा घेऊन त्याच दाराशीं पुन्हां उभी राहूं शकेल. तिचे पैसे गेले असतील, चित्रें गेलीं असतील. पण कथा गेली नसेल. ज्यांस तें करतां येणार नाहीं, त्यांनीं इतकीं वर्षें खेळत कोण होतें, आपण कीं आपला पट, याचा विचार पट चालू आहे तोंवरच करणें बरें.